इंजिन खोललं का?

अमरावतीत जुनी गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक किंमत मागाहून विचारतं. आधी ते गाडीभोवती एक चक्कर मारतं, टायरला चपलेचं टोक लावून पाहतं, बॉनेट उघडायला लावतं आणि आत वाकून, घरातल्या बायामाणसांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारतं, "इंजिन खोललं का?" लग्नाच्या जाहिरातीत 'निर्व्यसनी' या शब्दाला जे वजन, तेच जुन्या गाड्यांच्या बाजारात 'इंजिन खोललेलं नाही' याला. दरवाजे खालून गंजलेले असोत, सीटमधून काथ्या डोकावत असो, काच वर राहावी म्हणून पाचर ठोकलेली असो. इंजिनाला पाना लागलेला नाही म्हटलं की भाव चढतो.

अशा मुलखात माझ्या भाच्याने १९९८ सालच्या मारुती आठशेचं इंजिन नुसतं खोललं नाही, तर उचलून बाहेर ठेवलं. त्या जागी झेनचं बसवलं. आणि एवढ्यावर समाधान न होऊन त्याला टर्बो लावायचं मनावर घेतलं. गाडी त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या भाऊजींची. भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. पोरगं बिघडलं याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नसतं. त्यावर लग्न लावून देणे हा वऱ्हाडात खात्रीचा इलाज समजतात. पण गाडी बिघडली तर तिचं काय लावून द्यायचं?

भाच्याला वाटतं की हे वेड त्याच्या पिढीने शोधून काढलं. तसं मुळीच नाही. वऱ्हाडात इंजिनं फार आधीपासून बदलली जातात, फक्त कारण वेगळं होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्याच्या वाड्यात जुनी विलीज जीप असे, त्याला ती बाहेर काढताना आधी छातीवर हात ठेवावा लागे. ते पेट्रोल इंजिन इतक्या आवडीने प्यायचं, की कापसाच्या एकाधिकार खरेदीचे चुकारे आज ना उद्या मिळतील या भरवशावर पंपावर उधारी चालायची, आणि चुकारे मिळाले की ते घरी न येता परस्पर पंपावरच जायचे. मग मालक एक दिवस जीप मिस्त्रीकडे सोडायचा आणि काही दिवसांनी ती डिझेल होऊन परत यायची. मॅटाडोरचं इंजिन, एखाद्या मोडक्या ट्रॅक्टरचं इंजिन, ज्याचा जसा वशिला. अशी जीप अमरावतीहून सुटली की बडनेऱ्याच्या लोकांना न बघता कळायचं. आरसा एवढा थरथरायचा, की मागून एक ट्रक आला तरी तीन दिसायचे आणि ड्रायव्हर घाबरून आपोआप बाजूला व्हायचा. त्यामुळे अपघात कमी होत, असं जुने लोक अजून सांगतात. वेग अर्ध्यावर आला अशी तक्रार कोणी केल्याचं ऐकिवात नाही. ॲव्हरेज वाढलं ना, मग झालं.

मोठ्या कंपन्या तरी वेगळं काय करत होत्या? हिंदुस्थान मोटर्सने नव्वदीच्या दशकात अॅम्बॅसेडरला इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन दिलं, तेव्हा वरचा सांगाडा पन्नाशीच्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचाच होता. म्हणजे आत जपान, बाहेर इंग्लंड आणि मागच्या सीटवर जिल्हाधिकारी.

आणि वऱ्हाडातला सर्वांत मोठा इंजिनबदल झाला तो रुळांवर. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी आमची शकुंतला. तिचं झेडडी वर्गातलं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं. १९२३ पासून सत्तर वर्षं ते गाडी ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते उतरवलं आणि डिझेल इंजिन जोडलं. लोकांना वाटलं, आता शकुंतला सुटली. ती सुटली, पण पोचली पूर्वीच्याच वेळेला. कारण रूळ तेच, पूल तेच, आणि तिकीट विकण्यापासून डबे जोडण्यापर्यंत सगळं हातानेच करणारी मोजकी माणसंही तीच. नव्या इंजिनात ताकद होती, ती दाखवायला जागा नव्हती. आता तर ती गाडीच बंद आहे. हा सगळा इतिहास मी भाच्याला रंगवून सांगितला.

"मामा, तिथं रूळ बदलाले पायजे होते," तो म्हणाला.

पोरगं हुशार आहे. म्हणून लगेच विचारलं, की बाबा, तुझ्या आठशेचे रूळ म्हणजे ब्रेक आणि टायर, त्यांचं काय करणार आहेस? तर म्हणे, "ते मंग पाहू."

त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. आठशेला टर्बो लावणं ही कल्पना त्याच्या डोक्यातून निघालेली नाही, सुझुकीच्याच डोक्यातली आहे. आपल्याकडे मारुती आठशे आली १९८३ च्या डिसेंबरात. १९८६ मध्ये तिचं दुसरं रूप आलं, आणि थोडेफार दिवे-बंपर बदलून तेच आपण २०१४ च्या जानेवारीत ती बंद होईपर्यंत बघत राहिलो. हे रूप जपानातल्या सुझुकी अल्टोचं. त्याच अल्टोची 'वर्क्स' नावाची सख्खी बहीण १९८७ साली जपानात टर्बो घेऊन रस्त्यावर उतरली. इंजिन केवढं? ५४३ सीसी, पाचशेच्या बुलेटहून जरासंच मोठं. आणि ताकद ६४ अश्वशक्ती! तिचा हा अवतार बघून तिथल्या कंपन्यांनी आपसात ठरवून टाकलं, की छोट्या गाड्यांनी चौसष्टच्या वर जायचं नाही. इकडे आपली आठशे: इंजिन ७९६ सीसी, ताकद साधारण ३७. एका घरच्या दोघी. एक तोक्योत चौसष्ट घोडे उधळत होती, आणि दुसरी अमरावतीत सदतीस घोड्यांनिशी गुरुजींना महिन्यातून एकदा पंचायत समितीत आणि नवरात्रात अंबादेवीला नेऊन आणत होती. भाच्याचं म्हणणं, हा अन्याय आहे. भाऊजींचं म्हणणं, पंचायत समितीत लवकर पोचून करायचं काय, साहेब अकराशिवाय येत नाहीत.

काम सोपवलं मूर्तिजापूरच्या एका मिस्त्रींवर. मूर्तिजापूर पडतं अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध, त्यामुळे मिस्त्रींनी केलेलं काम चांगलं निघालं की ते आमचे असं दोन्ही गावं म्हणतात, आणि बिघडलं की ते दुसऱ्या गावचे. गॅरेज म्हणजे टिनाचं शेड आणि पुढे कडुनिंबाचं झाड. झाडाच्या एका आडव्या फांदीला चेनपुली कायमची टांगलेली. तिथली साल घासून घासून गुळगुळीत झाली आहे आणि फांदी चांगली वीतभर खाली आली आहे. पूर्वी तिच्यावरून ट्रॅक्टरचं इंजिन उचलत. आता मिस्त्री वजन बघून नाही म्हणतात. आठशेचं इंजिन वर आलं ते मात्र अगदी अलगद. दोन पोरांनी साखळी ओढली, तिसऱ्याने खालून हात दिला, आणि गुरुजींनी पंचवीस वर्षं वेळेवर ऑइल बदलून जपलेलं ते इंजिन हवेत एक गिरकी घेऊन जुन्या टायरवर जाऊन बसलं. मिस्त्रींनी त्यावर युरियाचं पोतं पांघरलं.

मग नव्या इंजिनाची मापं. भाच्याने खिशातून मोबाइल काढला. त्यात त्याने माउंटिंगचं ब्रॅकेट तिन्ही बाजूंनी आखून आणलं होतं, फिरवून दाखवता येत होतं, रंगही भरले होते. मिस्त्रींनी ते कौतुकाने पाहिलं. मग साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, इंजिनाच्या बाजूला धरला, ऑइलने माखलेल्या अंगठ्याने दाबून बोल्टच्या भोकांचे चार ठसे घेतले आणि कात्रीने कापून नमुना केला. तो पुठ्ठा लेथवाल्याकडे गेला आणि दिवस मावळायच्या आत जाड पत्र्याचं ब्रॅकेट होऊन आला. बसवलं, बसलं.

"आन् हे?" भाच्याने मोबाइल पुढे केला.

"ते ठेव न बापू तुह्याजवळ. चित्र भल्लं सुंदर हाय."

इंजिन बदलण्यात इंजिन हा सगळ्यात सोपा भाग असतो, हे तिथे बसून कळलं. झेनचं इंजिन ९९३ सीसीचं, आणि तीनाच्या जागी चार सिलिंडर. चौथ्याला जागा हवी म्हणून रेडिएटर सरकला. रेडिएटर सरकला तो बॅटरीच्या जागेवर, म्हणून बॅटरी डिकीत गेली. बॅटरी डिकीत गेली म्हणून स्टेपनी मागच्या सीटवर आली. आणि स्टेपनी सीटवर आली म्हणून ताईने सांगून टाकलं, की मी आता या गाडीत बसत नाही. एका सिलिंडरपायी घरातलं एक माणूस गाडीबाहेर गेलं. शिवाय चाकांपर्यंत ताकद नेणारे शाफ्ट झेनचे आणायचे तर लांबी जुळेना, आठशेचे ठेवायचे तर खाचा जुळेनात. शेवटी दोघांचे अर्धे-अर्धे तुकडे लेथवर जोडले. मिस्त्री म्हणाले, असं आधी दोन गाड्यांत केलं आहे. त्या दोन गाड्या सध्या कुठे आहेत, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

टर्बो म्हणजे काय, हे भाऊजींना समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं, की सायलेन्सरमधून जो धूर फुकट बाहेर जातो, त्याच्या वाटेत एक छोटी चक्री ठेवायची. धुराच्या जोराने ती फिरते. तिच्याच दांड्यावर दुसरी चक्री असते, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. भाऊजींनी मधलं वाक्य ऐकलं नाही. पाठकोऱ्या कागदावर हिशेब लिहिणारा माणूस तो. त्यांच्या कानांनी फक्त पहिलं पकडलं.

"म्हणजे वाया जानारा धूर कामी लावाचा?"

"हो."

"मंग हे तं चांगलं हाय की."

आयुष्यात पहिल्यांदा बापलेकांचं एकमत झालं, ते माझ्या अर्धवट ऐकल्या गेलेल्या व्याख्यानामुळे. ते मोडायला मीही गेलो नाही.

आता त्या चक्रीचा वेग. मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे. पेट्रोल इंजिनाचा धूर आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापलेला, आणि त्याच्यात फिरणारी ही चक्री तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असते. या गोष्टी भाच्याने सांगितल्या तेव्हा मिस्त्रींचा एक पोरगा पान्यांचा डबा घेऊन हळूच झाडाच्या पलीकडे गेला. त्याचं बरोबर होतं. दाबलेली हवा आणि मूळचा दाब यांची बेरीज जास्त झाली की पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट न बघता आपल्या मनाने पेटतं, इंजिन आतून खटखटतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून आधी इंजिनाचा मूळ दाब उतरवावा लागतो. म्हणजे ताकद वाढवायची तर आधी ती कमी करायची. सरकारी योजनांच्या मुलखात वाढलेल्या आम्हा लोकांना हे समजायला जड गेलं नाही.

अमेरिकेतही याची फजिती झालेली आहे. १९६२ साली ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची टर्बोवाली गाडी काढली. इंजिन खटखटू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. मालक लोक ते भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की टर्बो आपलं काम आवरतं घेई आणि मालक म्हणत, गाडीत दम नाही. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची सोय केली. ही गोष्ट ऐकून मिस्त्रींना अमेरिकेबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

पण जेटफायरवाल्यांना अकोल्याचा मे महिना ठाऊक नव्हता. ४४-४५ अंश ही आमच्याकडे बातमी होत नाही, ती तारीख असते. हवा तापली की विरळ होते. हिवाळ्यातल्या पहाटे १५ अंशांना इंजिनाच्या एका घोटात जेवढी हवा जाते, त्यापेक्षा ४५ अंशांना सुमारे दहावा हिस्सा कमी जाते. म्हणजे आठशेच्या सदतीस घोड्यांपैकी तीन-साडेतीन घोडे उन्हाळाभर कडुनिंबाखाली बसलेले असतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुपारी एक ते चार अकोल्यात माणसंही तेच करतात. टर्बो हे घोडे उठवून आणतो खरा, पण हवा दाबली की ती आणखी तापते. मग तिला गार करायला इंटरकूलर लावायचा. ("घरातल्या कूलरची मोटर दोन वर्षांपासून जळाली हाय, आन् गाडीले कूलर," ताई.) आणि इंटरकूलर गार कशाने होणार? बाहेरच्या हवेने. बाहेरची हवा किती? पंचेचाळीस.

यावर मिस्त्रींनी काढलेली तोड मला अजूनही भारी वाटते. त्यांनी शेतातल्या ठिबकचे दोन फवारे आणले, काच धुवायच्या पाण्याच्या मोटरीला जोडले आणि इंटरकूलरवर रोखले. भाच्याने मोबाइलवर शोधलं तर सुबारूच्या रॅलीछाप गाड्यांत कंपनीनेच असा पाण्याचा फवारा दिलेला निघाला. मिस्त्रींनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "त्याइची संत्र्याची बाग असन," म्हणाले.

टर्बोचं एक जुनं काम डोंगरावरचं. उंचीवर हवा विरळ, तिथे विमानाची इंजिनं धापा टाकत, म्हणून १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरने टर्बो लावलेलं विमानाचं इंजिन पाईक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर नेऊन चालवून पाहिलं. आमचं पाईक्स पीक म्हणजे चिखलदरा, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास. परतवाड्याहून घाट चढताना जुनी आठशे चार माणसांनिशी पहिल्या गिअरवर येत असे आणि चौघांपैकी सर्वांत वजनदार माणूस खिडकीबाहेर बघत बसे. त्या घाटात टर्बो कामाचा आहे, हे मी मानतो. चढताना. उतरताना काय, हा प्रश्न मी पुन्हा विचारला. ब्रेक अजूनही सदतीस घोड्यांच्याच हिशेबाचे होते आणि टायर बारा इंची.

"मामा, ते मंग पाहू म्हनलं ना."

टर्बोचे काही गुण घरी आल्यावर दिसले. पाय दाबल्यावर धूर वाढणार, चक्री वेग घेणार, मग हवा कोंबली जाणार. या सगळ्याला वेळ लागतो. बडनेऱ्याच्या पुलावर पाय दाबला तर ताकद गाव सुटल्यावर येई, आणि आली की एवढी येई की पुढचा ऑटो एकदम जवळ दिसे. दुसरं असं, की जोरात पळवून आणलेली गाडी लगेच बंद करायची नाही. गरम चक्रीभोवतीचं तेल जळून तिथेच चिकटतं. म्हणून मिनिटभर इंजिन सुरू ठेवून तिला निवू द्यायचं. चिखलदऱ्याहून उतरताना किल्ली बंद करून पेट्रोल वाचवणाऱ्या भाऊजींच्या दारात आता त्यांचीच गाडी उभ्या उभ्या मिनिटभर धडधडू लागली. आतून आवाज येई, "बंद कर बे! पेट्रोल का तुह्या बापाचं हाय?" पेट्रोल बापाचंच असे.

गाड्यांचं असं वेड असलेल्या पोरांत एक वर्ग असाही आहे, की ज्याला टर्बो नको असतो, त्याचा आवाज हवा असतो. सायलेन्सरच्या तोंडात खुपसायची शिट्टी मिळते; धूर गेला की टर्बोसारखी कुईं वाजते. स्टिकर तर त्याहून स्वस्त. गंमत म्हणजे हा नाद खुद्द जर्मनीचा. १९७३ साली बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो ही गाडी काढली, तेव्हा तिच्या पुढच्या बंपरखाली 'टर्बो' ही अक्षरं उलटी लिहिली, पुढच्याला आरशात सुलटी वाचता यावीत म्हणून. अमरावतीत तसं लिहून उपयोग नाही. इथे आरसा बघायचा तो केस नीट करायला.

आता रस्त्याचं सांगायला हवं, कारण खरा इंजिनबदल तिथे झाला असं माझं मत आहे. अमरावती-अकोला महामार्ग वर्षानुवर्षं असा होता की त्यावर सदतीस घोडेही जास्त व्हायचे. पंधरा पुरले असते. लोक जाताना डबा घेऊन निघत. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एकेरी मार्गिकेचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत, सलग, न थांबता झालं आणि गिनीज बुकात गेलं. आधीचा विक्रम कतारच्या दोह्याचा होता. तिथे २५ किलोमीटरला दहा दिवस लागले होते. ज्या रस्त्याने आम्हाला आयुष्यभर ताटकळत ठेवलं, तोच घाई केल्याबद्दल जगात पहिला आला! त्या पाच दिवसांत भर उन्हात डांबर टाकणाऱ्या माणसांचं मला खरंच नवल वाटतं. शकुंतलेचं इंजिन बदललं तेव्हा रूळ तेच राहिले. इथे रूळ बदलले, आणि गाड्या त्याच.

म्हणून भाच्याने चाचणीसाठी तोच पट्टा निवडला. पहाटेची वेळ, ऊन चढायच्या आत. भाऊजी पुढच्या सीटवर, कारण मागे स्टेपनी. गाडी पळाली, यात शंका नाही. माना कधी आलं कळलं नाही आणि कधी गेलं तेही. मी मूर्तिजापूरला वाट बघत होतो. तिथे ते चहासाठी थांबले तेव्हा भाच्याच्या तोंडावर जे होतं ते मी त्याच्या बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

"बाबा, भल्ली पयते ना?"

भाऊजींनी खिशातून वही काढली. १९९८ पासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर आणि भागाकार त्या वहीत आहे. अशा चार वह्या झाल्या आहेत. त्यांनी चहा थंड होऊ दिला, पण भागाकार दोनदा केला. जुनी गाडी महामार्गावर लिटरला अठरा द्यायची. नवी देत होती नऊ.

"वाया जानारा धूर कामी लावला म्हने," एवढंच ते माझ्याकडे बघून बोलले.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी कायदा वाचला. गुरुजी माणूस, वाचायला बसला की तळटिपांसकट वाचतो. मोटार वाहन कायद्याच्या लेखी गाडी म्हणजे रंग नाही, आठवणी नाहीत. चासी नंबर आणि इंजिन नंबर, बस. आरटीओच्या आवारात चासीवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि उमटलेले आकडे जुळले की तुम्ही तेच तुम्ही. कलम ५२ म्हणतं, कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलात परस्पर फेरफार करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकासाठी शिक्षा ठेवली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. यातला 'प्रत्येक' हा शब्द भाऊजींनी लाल शाईने अधोरेखित केला आणि खाली मांडणी केली. इंजिन, पाच. टर्बो, पाच. सायलेन्सर, पाच. ठिबकचे फवारे यात येतात की नाही याबद्दल कायदा गप्प आहे, तरी त्यांनी सुरक्षित बाजू म्हणून पाच धरले. गाडीच्या बाजारभावाच्या जवळपास बेरीज आली, आणि विमा कंपनी अशा गाडीला दारात उभी करणार नाही ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच मूर्तिजापूरला गेले. म्हणजे एसटीने. मी अकोल्याहून येऊन तिथे थांबलो होतो, म्हणून पुढचं बोलणं मला ऐकायला मिळालं.

"मिस्त्री, गॅस किट बसते का याच्यात? त्याचं रीतसर आरसीवर चढते. मी वाचलं."

"बसते ना गुरुजी. टाकी डिकीत बसन."

"डिकीत बॅटरी हाय."

"बॅटरी पुढं घेऊ तिच्या जाग्यावर."

"तिथं रेडिएटर हाय."

"तो सरकवू मांगं, जसा होता तसा."

"मंग चौथ्या सिलिंडरले जागा कुठी रायते?"

मिस्त्रींनी पुठ्ठा खाली ठेवला, शेडच्या कोपऱ्यात गेले आणि युरियाचं पोतं ओढून बाजूला केलं.

"चौथं पायजेच काहून, गुरुजी?"